‘लाईन’ : एका पाहुण्या शब्दाचा संसार

इंग्रजींत अवघ्या चार अक्षरांनीं लिहिला जाणारा एक शब्द आपल्या घरांत पहाटेपासून रात्रीपर्यंत वावरत असतो, आणि तो परका आहे याची आठवणहि कोणास होत नाहीं. सकाळीं पाण्याची ‘लाईन’ फुटलेली असते. दुपारीं विजेची ‘लाईन’ गेलेली असते. बँकेंत ‘लाईन’ लागलेली असते. दूरध्वनीची ‘लाईन’ मिळत नसते. थोरला मुलगा ‘सायन्स लाईन’ घेतो, धाकट्याची वही ‘सिंगल लाईन’ असावी कीं ‘डबल लाईन’ हा वाद दुकानांत उभ्याउभ्या चालतो, आणि एखाद्या पुतण्याला बरी नोकरी लागली कीं आजीबाई समाधानानें म्हणतात, “बरें झालें, पोरगा लाइनीला लागला.” शब्द एकच, परंतु प्रत्येक ठिकाणीं त्याचा अर्थ निराळा, आणि ऐकणाऱ्याचा तरी कोठें घोटाळा होत नाहीं!

हा शब्द कसा नांदतो हें पाहावयाचें तर शहरापेक्षां खेडें बरें. शहरांत वस्तूंची आणि शब्दांची एवढी गर्दी असते कीं कोण केव्हां आलें याचा हिशेब राहत नाहीं. खेड्यांत मात्र नवी वस्तु केव्हां आली आणि केव्हां गेली, हें वर्षानुवर्षें लोकांच्या ध्यानांत असतें. यासाठीं आपण वऱ्हाडांतील हिवरखेड हें गांव डोळ्यांपुढें घेऊं. या नांवाचीं गांवें वऱ्हाडांत एकाहून अधिक आहेत. येथें अभिप्रेत आहे तें अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यांतील, सातपुड्याच्या पायथ्याचें हिवरखेड. या गांवाच्या शिवारांत ‘लाईन’ किती रूपांनीं आली, तिनें आपल्या बोलींत काय घातलें आणि तिच्यापायीं काय जाऊं पाहत आहे, हें समजून घेतलें म्हणजे या शब्दाशीं आपलें भांडण असावें कीं नाहीं, आणि असलेंच तर नेमकें कशासाठीं, याचा उलगडा होईल.

मूळ : जवस आणि कापूस

शब्दाचें मूळ शोधूं गेलें तर तें आपल्या स्वयंपाकघरांतच सांपडतें. वऱ्हाडांत रब्बीच्या हंगामांत जवस पेरतात, आणि जवसाची चटणी वऱ्हाडी पानांत भाकरीबरोबर आवर्जून असते. या जवसाचें शास्त्रीय नांव ‘लिनम युसिटाटिसिमम’ असें आहे. आपण जवस पेरतों तो तेलासाठीं आणि चटणीसाठीं. युरोपांत तीच वनस्पति मुख्यतः खोडांतील तंतूंसाठीं वाढवीत आणि त्या तंतूंचें ‘लिनन’ नांवाचें कापड विणीत. लॅटिन भाषेंत या रोपाला ‘लिनम’ म्हणत. त्याच्या धाग्याला किंवा दोरीला ‘लिनेआ’ असें नांव पडलें. आणि गवंडी-सुतारांनीं सरळपणा पाहण्यासाठीं ताणलेली दोरी तीच पुढें इंग्रजींत ‘लाईन’ झाली. कालांतरानें दोरी बाजूला राहिली आणि दोरीनें उमटलेली रेघ तेवढी शब्दांत उरली. कोटाला आंतून लावतात तें ‘लाइनिंग’ देखील याच घराण्यांतलें, कारण पूर्वीं अस्तर लिननचें असे.

आपल्याकडेहि नेमकें हेंच घडलें. फरक तो रोपाचा. ‘सूत्र’ म्हणजे मुळांत धागा. त्या धाग्यावरून सरळ, नेटका आणि आटोपशीर नियम तोहि सूत्र झाला, आणि पाणिनीचें सारें व्याकरण सूत्रांत बसलें. दोरी धरून लाकूड सरळ कापणारा तो सूत्रधार, आणि सूत्रधाराचा झाला सुतार. आजहि सुतार रंगांत भिजवलेली दोरी फळीवर ताणून टणकन् सोडतो आणि रेघ उठवितो. इंचाच्या आठव्या भागाला तो ‘सूत’च म्हणतो. इतकेंच काय, दोन माणसांचें पटलें कीं आपण म्हणतों, त्यांचें सूत जमलें. युरोपाने जवसाच्या धाग्यावरून सरळपणा शिकून घेतला, आपण कापसाच्या धाग्यावरून. तेव्हां कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडांत ‘लाईन’ हा शब्द आला, तो एका अर्थी आपल्या दूरच्या मावसबहिणीच्याच घरीं आला!

या दोघी बहिणींची भेट बांधकामावर रोज होते. विटांचा थर सरळ राहावा म्हणून गवंडी जी दोरी ताणतो तिला तो ‘लाइनदोरी’ म्हणतो. लाईन म्हणजेही दोरी आणि दोरी म्हणजेही दोरी. तरी हा जोडशब्द त्याला खटकत नाहीं. भिंत उभी सरळ आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं मात्र तो ‘ओळंबा’च सोडतो, तेथें परक्या शब्दाची गरज त्याला भासली नाहीं. आडव्या दोरीला पाहुणी आली, उभी दोरी घरचीच राहिली. कारागिराला शब्दाची जात विचारण्याची संवय नसते. काम भागलें कीं झालें.

रुळांवरून आलेला शब्द

आपल्या देशांत या शब्दाचा एक धागा छावणींतून आला. शिपायांच्या बराकी एका रांगेनें बांधीत. त्या रांगा म्हणजे ‘लाइन्स’. जिल्ह्याच्या गांवीं ‘पोलीस लाईन’ आणि साहेब लोकांची ‘सिव्हिल लाइन्स’ वसली तीं याच वळणावर; नागपूरची सिव्हिल लाइन्स तर आजहि त्याच नांवानें ओळखली जाते. परंतु खेड्यापाड्यांत हा शब्द नेला तो आगगाडीनें.

१८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारांत आलें, आणि त्याच वर्षीं १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली. पुढें अमेरिकेंत १८६१ ते १८६५ या काळांत यादवी युद्ध पेटलें. तेथला कापूस इंग्लंडास मिळेना, आणि वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. कापूस मुंबईच्या बंदराला पोंचविण्याची निकड वाढली. १८६७ पर्यंत भुसावळहून वऱ्हाडमार्गें नागपुरापर्यंत लोहमार्ग पोंचला. त्याच युद्धानें इंग्रजी भाषेला आणखी एक शब्द दिला तो ‘डेडलाईन’. जॉर्जिया प्रांतांत अँडरसनव्हिल येथें १८६४ सालीं युद्धकैद्यांची जी छावणी होती तिच्या कुंपणाच्या आंत एक मर्यादा आंखलेली असे. ती ओलांडणाऱ्या कैद्यास पहारेकरी गोळी घाली. आज आपल्या घरांतील तरुण मंडळी कचेरीच्या कामाची ‘डेडलाईन’ सांगत रात्रीं जागतात, तेव्हां त्या शब्दांतील मरण कोणास आठवत नाहीं, हें बरेंच म्हणावयाचें.

हिवरखेडची लाईन मात्र या मुख्य मार्गाहून निराळी. खांडवा, अकोट, अकोला, हिंगोली आणि पूर्णा यांना सांधणारा मीटरगेज मार्ग स्वातंत्र्यानंतर पुरा झाला. त्याच्या दोन रुळांमधील अंतर बरोबर १ मीटर. मोठ्या मार्गावर तें १ मीटर ६७६ मिलिमीटर असतें. राजस्थानांतील अजमेर-जयपुरापासून दक्षिणेंतील हैदराबादेपर्यंत मीटरगेज गाड्या या वाटेनें जात. अकोटहून उत्तरेस निघालेली गाडी अडगांव, हिवरखेड आणि वाण रोड करीत सातपुड्यांत शिरे. धूळघाटाजवळ चढ इतका कीं मार्गानें एक पूर्ण वळसा घेतला होता आणि गाडी आपल्याच खालच्या रुळांवरून, पुलावरून पलीकडे जात असे. सरळपणासाठीं जन्मलेल्या शब्दाला डोंगरानें तेथें असें गोल फिरविलें!

या लाइनीनें आपल्या बोलींत दोन वाक्प्रचार कायमचे सोडले. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या मध्यें एका वेळीं एकच गाडी असावी असा नियम असतो. म्हणून गाडी सोडण्यापूर्वीं स्टेशनमास्तर पुढील स्थानकाची संमति घेतो. तिचें नांव ‘लाईन क्लिअर’. ती मिळाल्याची खूण वेताच्या किंवा तारेच्या कड्यांत अडकवून चालकाच्या हातीं देण्याची पद्धत मीटरगेजवर पुष्कळ वर्षें होती. आज ज्यांनीं तें कडें कधीं पाहिलें नाहीं तींहि माणसें म्हणतात, “वडिलांचा होकार मिळाला, आतां लाईन क्लिअर आहे.” दुसरा वाक्प्रचार ‘लूप लाईन’चा. मोठी गाडी पुढें जावी म्हणून लहान गाडीला स्थानकांत बाजूच्या रुळावर थांबवितात. एखाद्या अधिकाऱ्याला बिनमहत्त्वाच्या जागीं टाकलें कीं ‘त्याला लूप लाईनला टाकला’ असें म्हणण्याचा प्रघात कचेऱ्यांतून आहे. आगगाडीनें माणसांची ने-आण केली तशी उपमांचीहि केली.

पुढें मात्र हिवरखेडच्या लाइनीवर वेगळाच प्रसंग आला. मार्ग मोठा करावयाचा म्हणून १ जानेवारी २०१७ पासून अकोला-खांडवा मीटरगेज गाड्या बंद झाल्या. अकोल्याहून अकोटपर्यंतचा मोठा मार्ग होऊन तेथें २०२२ च्या नोव्हेंबरांत गाडी सुरूं झाली. परंतु अकोटच्या पुढें हिवरखेडकडे जाणारी वाट तिच्याबरोबर उघडली नाहीं. कारण साधें नव्हतें. जुना मार्ग मेळघाटच्या अरण्यांतून जातो, आणि १९७४ पासून हें अरण्य वाघांसाठीं राखलेलें आहे. मोठ्या आणि वेगवान गाड्या त्यांतून न्याव्या, कीं अरण्याला वळसा घालून हिवरखेड, सोनाळा, जामोद अशा वस्तीच्या बाजूनें नवी वाट काढावी, यावर वर्षानुवर्षें वाद झाला. २०२१ सालीं तत्कालीन मुख्यमंत्र्यांनींहि वळशाच्या मार्गाची बाजू रेल्वेमंत्र्यांकडे मांडली. त्या वादाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु भाषेच्या दृष्टीनें यांत एक विलक्षण गोष्ट आहे. गाडी थांबली तरी ‘लाईन’ हा शब्द थांबला नाहीं. लाईन होती, लाईन गेली, लाईन येणार; अशा तिन्ही काळांत त्या पट्ट्यांतील माणसें तो चालवितात, आणि प्रत्येक काळांत त्याला एक निराळा सूर लागतो. शब्दकोशांत हा सूर लिहिलेला नसतो.

खांबावरची लाईन

पश्चिम महाराष्ट्रांत वीज गेली कीं लोक म्हणतात, लाईट गेली. वऱ्हाडांत म्हणतात, लाईन गेली. हा फरक वरवर किरकोळ दिसतो, पण तो विचार करण्याजोगा आहे. ‘लाईट’ म्हणणारा आपल्या घरांतील दिव्याकडे पाहतो. ‘लाईन’ म्हणणारा शेतांतील खांबाकडे पाहतो. ज्याच्या विहिरीवर पंप आहे आणि ज्याच्या केळीला किंवा संत्र्याला पाणी हवें आहे, त्याला दिव्याची काळजी दुय्यम असते. कृषिपंपांना वीज मिळते ती पाळीनें, कधीं दिवसा तर कधीं रात्रीं. रात्रीची पाळी असली म्हणजे थंडींत, अंधारांत, विंचूकाट्याची पर्वा न करतां शेतकरी ओलितासाठीं शिवारांत जातो. “लाईन किती वाजतां येते?” या त्याच्या प्रश्नांत त्याची झोंप, त्याचें पीक आणि कधीं कधीं त्याचा जीव अशा तीनहि गोष्टी असतात.

सरकारी भाषा या लाइनीला ‘वाहिनी’ म्हणते. उच्चदाब वाहिनी, जलवाहिनी, कृषिवाहिनी हे शब्द सुरेख आहेत, अर्थाला धरून आहेत आणि कागदावर ते शोभतातहि. पण खांबावर चढणाऱ्याला वाहिनी म्हणून कोणी हांक मारीत नाहीं. महावितरणनें आपल्या या कामगारांस ‘जनमित्र’ असें गोड नांव दिलें. तरी गांव त्याला ‘लाइनमन’च म्हणतें. याचें कारण गांवाला मराठीचें प्रेम कमी आहे असें नव्हे. वस्तु ज्या नांवानें दारीं आली त्या नांवानें ती ओळखली गेली. नवें नांव मागाहून पत्रानें आलें. मुलाचें बारसें एकदां झाल्यावर वर्षानुवर्षांनीं कोणी दुसरें नांव सुचविलें तर तें जिभेवर बसणें कठीण, तसेंच हें.

पाण्याची कथा अशीच. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत विहिरीचें पाणी खारट. म्हणून सातपुड्यांतील वाण धरणाचें गोड पाणी नळांनीं खालच्या गांवांना नेलें. येथें गंमत अशी कीं घरापर्यंत आलेला तो ‘नळ’, आणि रस्त्याखालून गेली ती ‘लाईन’. “नळ आले” म्हणजे पाणी आलें. “लाईन फुटली” म्हणजे पाणी गेलें. सुखाला आपला शब्द आणि दुःखाला परका, असा हा कारभार!

व्याकरणानें दिलेलें घर

परका शब्द घरचा झाला कीं नाहीं याची खरी परीक्षा व्याकरण घेतें. इंग्रजींत या शब्दाला लिंग नाहीं. मराठींत येतांच तो स्त्रीलिंगी झाला, आणि हें कोणीं ठरविलें नाहीं. ओळ स्त्रीलिंगी, रांग स्त्रीलिंगी, रेघ, रेषा, तार, वाट, दोरी याहि सर्व स्त्रीलिंगी. या साऱ्या जावांच्या घरांत ती आली आणि त्यांच्याप्रमाणेंच वागूं लागली. तिचें अनेकवचन ‘लाइनी’ झालें. ती ‘लाइनीला’, ‘लाइनींत’, ‘लाइनीवर’ अशी विभक्ति आणि शब्दयोगी अव्ययें मुकाट्यानें स्वीकारूं लागली. वऱ्हाडी जिभेवर तर ती पुष्कळदां ‘लैन’ होते. जी सून सासरचें नांव, सासरची रीत आणि सासरची बोली घेते तिला परकी म्हणणें न्यायाचें नव्हे.

मग तिनें घरांतील मनुष्यव्यवहारहि हातीं घेतला. “तुमचा मुलगा कोणत्या लाइनींत आहे?” या प्रश्नांत ती पेशा होते. “त्याला जरा लाइनीवर आणा” यांत ती शिस्त होते. तरुण मंडळींच्या थट्टेंत ‘लाईन मारणें’ म्हणजे काय हें वडिलांनीं न ऐकल्यासारखें करावें हें उत्तम; तथापि ज्याला आपण ‘सूत जमलें’ म्हणतों त्याच सुताची ही चोरटी सुरुवात आहे, आणि जवस व कापूस यांची येथें पुन्हां भेट होते हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. २०२० सालीं शाळा घरांत आल्या तेव्हां ‘ऑनलाईन’ हा शब्द आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांच्या तोंडीं बसला. ज्या खेड्यांत खांबावरची लाईन गेलेली असे तेथें ऑनलाईन होणें म्हणजे काय, हें तेथील मुलांनाच विचारावें.

या अर्थांपैकीं ‘लाइनीला लागणें’ हा मात्र आपल्या घरांनीं थोडा जपून वापरावा. जो नोकरीला लागला तो लाइनीला लागला, आणि जो शेतींत राहिला, चित्रें काढीत राहिला, किंवा दोन वर्षें आपली वाट शोधीत राहिला तो लाइनीबाहेर, असा निकाल या दोन शब्दांत नकळत दडलेला असतो. रुळावरून गाडीच धांवते. माणसाला पायवाटहि चालते. जेवणाच्या वेळीं सहज उच्चारलेलें हें वाक्य ताटावर बसलेल्या एखाद्या मुलाला किती दिवस पुरतें, याचा विचार वडील मंडळींनीं करावा.

जें जाऊं पाहत आहे

येथपर्यंत शब्दाची बाजू झाली. आतां घराची बाजू. ‘लाईन’ ही एकटी ज्या जागा भरते त्या प्रत्येक जागेसाठीं आपल्याकडे पूर्वीपासून निरनिराळे शब्द होते आणि आहेत. हिवरखेडच्या शिवारांतच पाहा. कपाशीची किंवा तुरीची जी सरळ ओळ असते तिला वऱ्हाडांत ‘तास’ म्हणतात. सोयाबीनच्या इतक्या तासांमागें तुरीचे इतके तास, असा पेऱ्याचा हिशेब होतो. तिफणीच्या फणानें उमटतें तें ‘काकर’. निंदणाला बसलेल्या बायांनीं प्रत्येकीनें आपल्यापुढें धरलेला पट्टा ती ‘पात’. जी लौकर पात लावते ती मागें पडलेलीच्या पातीला हात लावते, यांत कामापेक्षां शेजारधर्म अधिक असतो. दोन शेतांमधला ‘धुरा’, दोन गांवांमधली ‘शीव’. हे सारे शब्द इंग्रजीच्या दृष्टीनें ‘लाईन’च आहेत. पण तास म्हणतांच पीक दिसतें, पात म्हणतांच बाई दिसते, धुरा म्हणतांच शेजारी दिसतो, आणि ‘लाईन’ म्हटल्यानें यांतील कांहींच दिसत नाहीं.

घरांतहि तेंच. पंगत आणि लाईन या दोहोंत माणसें ओळीनेंच असतात. परंतु पंगतींत माणूस बसलेला असतो आणि अन्न त्याच्याकडे येतें. वाढणारा यजमान वांकतो आणि आग्रह करतो. हल्लींच्या कार्यांत ‘जेवणाची लाईन’ असते. तींत अन्न जागेवर असतें आणि पाहुणा ताट घेऊन त्याच्याकडे सरकतो. सोयीच्या दृष्टीनें ती वाईट आहे असें नाहीं. पण दोन्ही गोष्टींना एकच नांव पडलें तर आपण काय बदललें हेंच आपल्या ध्यानांत राहणार नाहीं. पंढरपूर-शेगांवकडे दर्शनाला उभे राहतात ती ‘बारी’. बारी म्हणजे नुसती रांग नव्हे; आपली पाळी येईल असा भरंवसा त्या शब्दांत आहे. २०१६ च्या नोव्हेंबरांत नोटा बदलून घेण्यासाठीं बँकांपुढें जें लोक उभे होते ते लाइनींत होते. त्यांना कोणी बारींत उभे आहेत असें म्हटलें नाहीं, आणि तें बरोबरच होतें.

आणि ‘ओळ’! हा लहानसा शब्द संस्कृत ‘आवलि’ पासून आला. दिव्यांची आवलि ती दीपावलि, तिची झाली दिवाळी. वंशाची आवलि ती वंशावळ. नांवांची ती नामावळी. जे मूल ‘ओळ’ ऐकत वाढतें त्याला पणत्या मांडतांना दिवाळींतील ओळ दाखवितां येते. ज्याच्या कानांवर ‘लाईन’च पडते त्याला दिवाळी ही केवळ एका सणाचें नांव म्हणून पाठ करावी लागते. एक शब्द गेला कीं त्याच्याबरोबर त्याचे सारे नातलग परके होतात, ही खरी हानि.

तोडगा

शब्द घ्यावे कीं हाकलावे हा वाद आपल्याकडे जुना आहे. शिवछत्रपतींच्या काळीं राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला तो फारसी शब्दांना पर्याय देण्यासाठीं. स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ चालविली. दिनांक, महापौर, दूरध्वनी असे त्यांचे शब्द रूढ झाले. माधव जूलियन यांनीं १९३८ सालीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिलें. या खटपटींतून मराठीला पुष्कळ लाभलें यांत शंका नाहीं. तरी एक गोष्ट विसरूं नये. सामान्य जनानेंहि न सांगतां उत्तम शब्द घडविले आहेत. आग खाऊन धांवते ती आगगाडी, हें नांव लोकांनीं डोळ्यांनीं पाहून ठेवलें. खांबांवर ताणलेल्या धातूच्या धाग्याला ते ‘तार’ म्हणाले, तिच्यावरून आलेल्या निरोपालाहि ‘तार’च म्हणाले, आणि २०१३ च्या जुलैंत ती सेवा बंद होईपर्यंत ‘तार आली’ एवढ्या दोन शब्दांनीं घराचें काळीज हलत असे. पाहण्याची शक्ति शाबूत असली कीं शब्द आपोआप सुचतो.

म्हणून या लेखकास एक मध्यम मार्ग सुचतो. जी वस्तुच ‘लाईन’ या नांवाने आली तिला तें नांव खुशाल असावें. लाइनमनला लाइनमन म्हणावें, लाईन क्लिअर मिळूं द्यावी, लाइनदोरी गवंड्याच्या हातीं राहूं द्यावी. त्यांना हाकलून देण्यांत पुरुषार्थ नाहीं. परंतु जेथें आपली वस्तु आपल्या नांवाने आधींच नांदत आहे तेथें पाहुणीला यजमानाच्या पाटावर बसवूं नये. कवितेची ओळच असावी, वहींत रेघाच आंखाव्या, देवळापुढें बारी लागावी, लग्नांत पंगत बसावी, शेतांत तासच मोजावे. हा नियम व्याकरणाचा नव्हे, गृहस्थाश्रमाचा आहे: पाहुण्याला आदरानें ठेवावें, पण घरच्यांना ओसरीवर काढूं नये.

एकत्र कुटुंबांत हें काम कठीण नाहीं, कारण तेथें तीन पिढ्या एका छपराखालीं असतात. सुटींत मुलें आजोळीं गेलीं म्हणजे त्यांना शेतांत न्यावें आणि आजोबांनीं हें काकर, हा तास, ही पात, हा धुरा असें बोट दाखवून सांगावें. आजीनें पणत्या लावतांना ओळ मोजावी. मुलांनींहि आजी-आजोबांना ऑनलाईन म्हणजे काय तें नीट समजावून द्यावें. देणें दोन्ही बाजूंनीं असावें. असें झालें तर हिवरखेडच्या स्थानकावर पुन्हां ज्या दिवशीं गाडी उभी राहील त्या दिवशीं गांव मोठ्या आनंदानें ‘लाईन आली’ म्हणेल, आणि त्याच लाइनीच्या दोन्ही बाजूंस उभ्या असलेल्या कपाशीचे तास मात्र तासच राहतील.